नऊशेचं जोतं

"प्राप्ती मॅडम, ट्रायलच्या ड्रॉइंगमध्ये जोतं नऊशे दाखवलंय. माझ्या स्केचमध्ये साडेचारशे आहे. कुणाला विचारून वाढवलंत?"

पुण्याहून आर्किटेक्ट निकेत सरांचा फोन होता आणि घड्याळात सव्वाचार वाजले होते. प्राप्तीने स्क्रीनवरचं घर मोठं करून पाहिलं. खरंच नऊशे मिलिमीटर. दीड फुटाचं जोतं तिने तीन फूट काढलं होतं आणि काढताना तिला त्याचा पत्ताही नव्हता.

"चुकून झालं, सर."

"पाचपर्यंत दुरुस्त करून पाठवा, नाहीतर दुसऱ्याला देतो. घरून काम मागणारे पन्नास जण आहेत माझ्याकडे."

पन्नास असोत की पाचशे, तिच्या डोळ्यांपुढे दाराजवळची निळी बॅग होती. तिचा नवरा परेश गेल्याला वर्ष झालं होतं आणि घरात कमावणारं दुसरं कुणी नव्हतं. हे काम हुकलं तर सोमवारी पनवेलच्या जुन्या ऑफिसात हजर व्हायचं, हॉस्टेलवर राहायचं आणि तीन वर्षांच्या लेकीला, अमिषाला, आठवड्यातून एकदा भेटायचं. या छोट्या बाईसाहेबांनी सकाळपासून दोनदा बॅगेतले कपडे उपसून आपला निषेध नोंदवला होता.

जोतं खाली आणायचं म्हणजे नुसता आकडा बदलून भागत नाही. सहाच्या तीन पायऱ्या, उतार आखूड, दारं-खिडक्या सगळंच खाली. तिची बोटं भराभरा चालू लागली. साडेचारला वीज गेली. लॅपटॉपची बॅटरी एकवीस टक्के.

सासरे मागे येऊन उभे राहिले. रामचंद्रांचा जन्म गवंडीकामात गेलेला. घर मधोमध कापून दाखवलेलं त्यांना लगेच कळत असे.

"कुठला घर हाय गो?"

"आपल्याच खाडीला लागून, बाबा. आगरदांड्याच्या अलीकडं."

"मंग जोता इतका खाली? पानी घरान येल ना."

"त्यांनी तसाच सांगितलाय."

रामचंद्रांनी स्क्रीनवरच्या पायऱ्यांवरून बोट फिरवलं. एका साली उधाणाचं पाणी त्यांच्या स्वतःच्या घरात गुडघाभर चढलं होतं. त्यानंतर त्यांनी भिंती पाडून, आपल्या हातांनी तीन फूट जोतं बांधून घर पुन्हा उभं केलं. सहा पायऱ्यांचं. लग्न होऊन आल्यापासून प्राप्ती रोज त्याच पायऱ्या चढत होती. नऊशेचा आकडा कुठून आला, ते तिला आता कळलं.

पाचला दहा कमी असताना तिने फोन लावला.

"सर, चूक माझीच आहे. पण तिथं उधाणाला पाणी वर येतं..."

"मॅडम, गिऱ्हाइकाला झोपाळ्यावरून उठून हिरवळीवर पाय ठेवायचाय. त्याला जिने चढायचे नाहीत. तुम्हाला रेघा ओढायला दिल्यात. बदलताय की नाही?"

अमिषा बॅगेवर चढून बसली होती.

"बदलते," प्राप्ती म्हणाली. तिला स्वतःची लाज वाटली.

तीन मिनिटं उरली असताना मोबाइलच्या नेटवरून फाइल गेली. वीस मिनिटांनी उत्तर आलं: ओके, काम तुमचं. सासूबाईंनी, सत्यवतीने, तिच्या हातावर साखर ठेवली आणि देवापुढे दिवा लावला. बॅग रिकामी झाली.

"बरा झाला. पोरीची आय घरान रायली," रामचंद्र मनापासून म्हणाले. साखर मात्र त्यांनी घेतली नाही. नातीला घेऊन ते बाहेर गेले.

वीज आली तशी पुढची फाइल आली. त्याच जागेवरची आणखी बारा घरं. बाराही साडेचारशेची.

तिने पहिलं उघडलं. जोत्याच्या उंचीपाशी बोटांनी आपसूक नऊशे टाकलं. तिने ते पुसलं, साडेचारशे लिहिलं आणि पायऱ्या काढायला घेतल्या.

बाहेर अमिषा आजोबांचा हात धरून पायऱ्या चढत होती. एक, दोन, तीन.

तिसऱ्या पायरीपाशी प्राप्तीने रेघ थांबवली. अमिषा पुढे मोजत राहिली.