काळ्या दगडाला टाळी नाही

न्याम्हांगो बालवाडीत शिरली ती लेकीच्या कपड्यांचं गाठोडं काखेत घेऊनच. चटईवर अठरा मुलं बसली होती. तिओंगे बाईंनी पांढरा दगड वर केला, टाळ्या कडाडल्या. काळा दगड वर केला. सगळे हात मांडीवर गप्प. पाच वर्षांच्या तेम्वाची टाळी तेवढी एकटीच वाजली.

"ऊठ," न्याम्हांगो लेकीला म्हणाली. "म्झूझू शहराची गाडी निघेल आता."

तेम्वा उठली नाही. आईकडे बघितलं, मग बाईंकडे.

"कुठं नेताय हिला?" बाईंनी विचारलं.

"बहिणीकडे. तिची पोर तिकडच्या शाळेत नाव लिहायला लागली. माझी वर्षभर नुसत्या टाळ्या पिटतेय. काल पाण्याच्या पंपावर रांग मोडून घुसली, म्हातारीची भरलेली बादली लवंडली. सांगितलेलं डोक्यात टिकत नाही, एका जागी दम धरवत नाही. आणि तुम्ही तिला खेळवताय!"

"दम धरायचाच खेळ आहे हा. निघालेला हात आवरायचा. आधी दहात आठदा चुकायची, आता तीनदा चुकते."

"हात आवरायला काय शिकावं लागतं?"

"बसा ना जरा. तुम्हीच खेळून बघा."

एकदाचं उरकून टाकावं म्हणून न्याम्हांगो गाठोडं मांडीवर घेऊन बसली. मुलं एकमेकांना ढोसू लागली. पांढरा, टाळी. काळा, गप्प. तिनं बाईंकडे बघून नाक मुरडलं.

"आता उलटं," बाई म्हणाल्या. "काळ्याला टाळी. पांढऱ्याला गप्प."

पांढरा वर आला आणि न्याम्हांगोचे तळवे एकमेकांवर आपटले. मुलं खिदळली. पुन्हा पांढरा. पुन्हा टाळी. तिचे कान तापले.

तेम्वा सरकत सरकत आईच्या कानाशी आली. "आई, आधी तोंडातल्या तोंडात म्हणायचं, काळ्याला, काळ्याला. मग हात."

न्याम्हांगो पुटपुटू लागली. बाईंनी काळा दाखवला, टाळी बरोबर आली. लगेच पुन्हा काळा, तीही बरोबर. मग झटकन पांढरा, आणि टाळी वाजून गेली.

"आई चुकली!" तेम्वाला राहवलं नाही. ती चटईवर उड्या मारू लागली. "आई चुकली, आई चुकली!"

न्याम्हांगोचा हात वर गेला.

तो खाली यायच्या आत तेम्वा मटकन खाली बसली होती. दोन्ही हात डोक्यावर, कोपरं पुढं, हनुवटी छातीत. हे तिला सांगावं लागलं नाही. यात तिची आजवर एकदाही चूक झाली नव्हती.

मुलांचं हसू थांबलं. बाई अर्ध्या उठून तशाच राहिल्या. बाहेर गाडीनं भोंगा दिला. "म्झूझू, म्झूझू," कंडक्टर ओरडत होता. दुसरा भोंगा झाला. न्याम्हांगो आपल्याच उगारलेल्या हाताकडे बघत होती. तिचे ओठ हलत होते. काय म्हणत होती ते शेजारच्या मुलालाही कळलं नाही. मग तो हात, जड ओझं उतरवावं तसा, तिनं खाली आणला आणि गाठोड्याखाली सरकवला.

गाडीचा आवाज वळणापलीकडे विरला.

"तेम्वा," ती म्हणाली.

डोक्यावरचे हात आणखी घट्ट झाले. ते सोडवायला न्याम्हांगो पुढं झुकली, बोटं लेकीच्या मनगटापर्यंत गेली. तिथूनच तिनं ती मागं घेतली.

"बाई, कधी खेळायचं?" एकानं विचारलं. तिओंगे बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

न्याम्हांगो लेकीसमोर मांडी घालून बसली. तिनं पुन्हा हाक मारली नाही. पोरं चुळबुळली, मग दगडांशी खेळू लागली, भिंतीवरचं ऊन चटईच्या काठाशी आलं.

बऱ्याच वेळानं दोन कोपरांच्या फटीतून एक डोळा दिसला. न्याम्हांगो हलली नाही.