वाकडी जळलेली सिगार

चाखणीच्या खोलीत सकाळी एकच सिगार पेटायची. कडक सिगार एकदा ओढली की जीभ दिवसभर दुसरीला न्याय देत नाही, म्हणून आत्यानं तसा नियमच घातला होता. कारखान्यातली प्रत्येक नवी सिगार तिच्या जिभेवरून पुढे जायची. आज भाचीनं वळलेल्या सिगारची पाळी. पास झाली, तर कारखान्याची कडक सिगार भाचीच्या पानांच्या मिश्रणाची. नाही तर पुन्हा वर्षभर पानं निवडायची.

"छातीत धडधडतंय का गं?"

"धडधडायला मी काय चोरी केलीय?"

आत्यानं पहिला झुरका गालात घोळवला आणि सोडला. धूर भारदस्त, साईसारखा दाट. आधी मिरीचा चटका, मग कॉफीचा कडवटपणा, आणि सगळ्यांच्या मागून, दारात थबकलेल्या नव्या नवरीसारखा लाजरा गोडवा. राख बोटभर झाली तरी पडेना.

निम्म्यावर मात्र सिगार वाकडी जळू लागली. एक कड भराभर पुढे पळाली, दुसरी रुसून बसली. भाचीनं लगेच ओळखलं. रोपाच्या शेंड्याचं पान सगळ्यात कडक, सावकाश जळणारं. ते मधोमध बसवायचं असतं. वळताना तिच्या हातून ते कडेला सरकलं होतं.

"हे काय गं?"

"माझी चूक. शेंड्याचं पान कडेला गेलं. पण चुकला तो हात, मिश्रण नाही. ते मी बदलणार नाही."

"अगं बाई! परीक्षा तू घेतेयस की मी?"

"तूच, आत्या. म्हणून तर म्हणते, अर्ध्यावर टाकू नकोस."

आत्या डोळे मिटून ओढत राहिली. रुसलेली कड अखेर पेटली, धूर आणखी चढला, पण घशाला कुठे बोचला नाही. दोन बोटं उरली तेव्हा तिनं सिगार खाली ठेवली.

"मिश्रण हेच राहील. कणभर बदलायचं नाही."

भाचीनं श्वास सोडला.

"पण वळायला मी बसणार. तुझ्या हाताचा काय भरवसा!"

"बस की. शेजारी बसून बघ. वळणार मीच."

आत्यानं तिच्याकडे रोखून पाहिलं, मग हसू दाबत वळायच्या फळीपाशी गेली आणि बाकावर भाचीला जागा ठेवून थोडी सरकून बसली.