दारापर्यंतची खुर्ची

"चाकांच्या खुर्चीत बसल्याशिवाय इथून कोणी घरी जात नाही, आजोबा," नर्स डार्लीन म्हणाली.

"सैन्याने डिस्चार्ज दिला तेव्हा फाटकापर्यंत चालत गेलो. पुढे जन्मभर नदीचा डिस्चार्ज, म्हणजे वाहतं पाणी, मोजला, तोही कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून. आता तुम्ही डिस्चार्ज देताय, तर बसून घेऊ?"

"पडलात तर माझी नोकरी जाईल."

मारिटने हसू आवरलं. सकाळीच डॉक्टरांनी उपचार थांबवले होते. तिच्या वडिलांना, ऑर्विलना, घरी कशासाठी पाठवताहेत हे खोलीतल्या तिघांनाही ठाऊक होतं. ऑर्विलचं मागणं एकच होतं, दारातून आपल्या पायांनी बाहेर पडायचं.

तेवढ्यात खुर्ची आली. ती ढकलणारे क्लिफर्ड रुग्णालयात विनावेतन सेवा करायचे. ते खुर्चीला ढकलताहेत की खुर्ची त्यांना सावरतेय, हे सांगणं कठीण होतं.

"कोण निघालंय?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

"आधी दम घ्या," ऑर्विल म्हणाले. "वय काय तुमचं?"

"सत्त्याऐंशी. तुमचं?"

"एकोणऐंशी."

"पोरगाच की."

"गुडघे कसे आहेत?"

"एक माझा, एक डॉक्टरांनी बसवलेला."

"मग बसा."

क्लिफर्डनी नर्सकडे पाहिलं आणि मुकाट्याने बसले.

"खुर्ची दारापर्यंत गेली पाहिजे आणि तीत माणूस पाहिजे," ऑर्विल डार्लीनला म्हणाले. "कोणता, ते नियमात आहे का?"

डार्लीन मारिटकडे बघत राहिली. मग पाठ फिरवून तिने घडी घातलेल्या चादरीची पुन्हा घडी घालायला घेतली.

ऑर्विल खुर्ची ढकलू लागले आणि वरात निघाली. क्लिफर्ड दोन्ही बाजूंना हात हलवत होते. एका बाईंनी त्यांना लवकर बरं होण्याच्या शुभेच्छाही दिल्या, त्यांनी त्या घेतल्या. मारिट अर्धं पाऊल मागे होती, हात तयार ठेवून. निम्म्या वाटेत ऑर्विल एका भिंतीपाशी थांबले.

"काय झालं, बाबा?"

"चित्र बघतोय."

चित्रात तळं होतं आणि दोन बदकं. मारिटनेही ते पाहिलं, वडिलांचा श्वास जागेवर येईपर्यंत.

"सावकाश बघा," क्लिफर्ड मान न वळवता म्हणाले. "मला कुठे घाई आहे?"

दाराशी क्लिफर्डनी उठून हात मिळवला. "हात चांगला आहे तुमचा. मंगळवारी या, माणसं कमी पडतात."

"बघू," ऑर्विल म्हणाले.

गाडीत बसल्यावर त्यांचे हात मांडीवरच राहिले. मारिट वाकून सीटचा पट्टा लावू लागली, तशी त्यांनी तिला सोपं जावं म्हणून हनुवटी वर धरली. खटका बसला. सैल पट्टा त्यांच्या खंगलेल्या छातीवरून आत सरकत गेला, आणि बराच वेळ सरकतच राहिला.