वाटणीची घोळ

राणीसावरगावहून आई इटलीत आली ती मला परत न्यायलाच. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तसं सांगूनच निघाली होती. "तिथं तुला कोण हाय?" हा तिचा एकच प्रश्न. शेजारच्या इर्माआजींचं नाव घेतलं की "परकी मानसं ती," म्हणून मोकळी व्हायची.

मी परभणीला शेतकी शिकले आणि झाडांच्या अभ्यासासाठी या गावात येऊन राहिले. डोंगरावरचं जुनं दगडी गाव, वेस अजून शाबूत. नाव सांगितलं तर इटलीतली माणसंही "हे कुठं आलं?" विचारतात. चहूबाजूंनी राखीव जंगल. आईला आल्या आल्या बजावलं, "जंगलातलं पानसुद्धा तोडायचं नाही. दंड होतो."

आईने वेस पाहिली, चर्च पाहिलं, "बरं हाय," म्हणाली आणि कंटाळली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाई गल्लीत उकिडव्या बसलेल्या, पदरात हिरवीगार घोळ! फरशीच्या फटींत उगवलेली ती भाजी मुळासकट उपटणं चाललं होतं.

"आई, काय करायलीस?"

"जंगलात न्हाई म्हनलीस. हे गाव हाय."

तेवढ्यात समोरचं दार धाडकन उघडलं. इर्माआजी बहिणीकडून रात्रीच परतल्या होत्या. आई आलीय हे त्यांना ठाऊक नव्हतं. कंबरेवर हात ठेवून त्या इटालियनमध्ये कडाडल्या. आईही पदर सावरत उठली. "घोळ काय तुझ्या बापानं पेरली का?" एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं, पण भांडण काही अडलं नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काय म्हनायली ही?" आईने शेवटी विचारलं.

"म्हणते, ही घोळ तिने माझ्यासाठी राखली होती. दर रविवारी मी तिच्याकडे जेवते ना. पोरगी एकटी राहते, नीट खात नाही, आणि तिच्या तोंडचा घास पळवणारी ही बाई कोण?"

आईने चपापून पदरातल्या घोळीकडे पाहिलं. ही माझी आई, असं सांगितल्यावर आजीही ओशाळल्या. मग आई त्यांच्याच पायरीवर बसली, पदर पसरला आणि त्यांना शेजारी बसायची खूण केली. दोघी भाजी निवडू लागल्या. निम्मी आईने लसूण घालून परतली, निम्मी आजींनी टोमॅटोसोबत कच्चीच वाढली. आईने तीही खाल्ली, तोंड वाकडं न करता. मला आईचं फार कौतुक वाटलं.

जेवणं उरकतायत तोच दादांचा फोन आला. "कधी येताव दोघी?"

"मी एकलीच येनार," आई म्हणाली. "पोरीच्या वाटनीच्या घोळीसाठी माझ्यासंग भांडनारं मानूस हाय हितं."