बोटभर

बाजारात तिला सगळे निम्मी म्हणायचे. भाव काहीही सांगा, ती निम्म्यापासून सुरुवात करायची आणि जिंकूनच पिशवी उचलायची. नवरा गेल्यावर ह्याच जिभेच्या जोरावर तिनं संसार ओढला होता, त्यामुळे तिला नावं ठेवायची कुणाची टाप नव्हती.

लेकीच्या स्तनात गाठ निघाली तेव्हाही ती तीच जीभ घेऊन सर्जनबाईंसमोर बसली. लग्न तोंडावर आलं होतं. सुईच्या तपासणीत गाठ दुर्मीळ जातीची ठरली होती. कर्करोग नव्हे, पण कडेला कण जरी राहिला तरी पुन्हा वाढणारी.

"गाठीभोवतीचा बोटभर चांगला भागही काढावा लागेल," सर्जनबाई म्हणाल्या.

"चांगला कशाला? गाठ तेवढी काढा की."

"तसं चालत नाही हो."

"अहो, पोरीचं लग्न आहे. खड्डा पडला तर सासरी काय सांगू? बोटभर नको, नखभर घ्या."

लेक खाली मान घालून बसली होती. तिच्या अंगाचा सौदा चालला होता आणि तिला कुणी विचारतसुद्धा नव्हतं. सर्जनबाईंनी पुन्हा एकदा नकारार्थी मान हलवली, बाहेर खोळंबलेल्या पेशंटांकडे पाहिलं आणि कंटाळून म्हणाल्या, "बरं, बघते." हट्ट आईचा खरा, पण सुरी कुणाच्या हातात होती?

टाके निघाले. वण इवलासा. निम्मी हवेतच होती. "म्हटलं नव्हतं? ही डॉक्टर मंडळी आधी जास्तच सांगतात!" काढलेल्या गाठीची कड साफ नाही, असा रिपोर्ट आला. सर्जनबाईंनी परत बोलावलं, तर निम्मीनं 'लग्नानंतर बघू' म्हणून तेही टोलवलं.

लग्न झालं. ज्याच्यासाठी एवढा आटापिटा, त्या जावयानं वण पाहून "दुखतं का गं?" एवढंच विचारलं होतं. लेकीनं हे आईला सांगितलं तेव्हा गाठ परत आली होती. पहिलीपेक्षा मोठी, वरची कातडी ताणून चकचकीत करणारी. निम्मीला स्वतःची जीभ उपटून फेकावीशी वाटली.

पुन्हा तीच खोली, त्याच खुर्च्या. ह्या वेळी सर्जनबाई फक्त लेकीशी बोलत होत्या.

"आता पूर्ण स्तन काढावा लागेल. दुसरा इलाज नाही."

"निम्मा..." सवयीनं तोंडातून गेलं आणि निम्मीनं तोंडावर हात दाबला.

लेक वळली. तिनं आवाज चढवला नाही.

"आई, तू बाहेर बस. माझं मी बोलते."

निम्मी मुकाट्यानं उठली. दार नीट लागलं नव्हतं, त्यामुळे बाहेरच्या बाकावर सगळं ऐकू येत होतं. आत घासाघीस झालीच नाही.

"सगळं काढा," लेक म्हणाली. "आणि भोवतीचं ते बोटभरसुद्धा."