एकही उंदीर न मारलेला पिंजरा

मित्रांनो, मी एक जुना उंदराचा पिंजरा आहे. माझ्या हातून आजवर एकही उंदीर मेलेला नाही. आमच्या धंद्यात ही गोष्ट चारचौघांत सांगण्यासारखी नाही, पण तुमच्यापासून काय लपवायचे?

माझा जन्म एका पत्रेवाल्याच्या दुकानात झाला. त्याने तळाला लाकडी फळी घेतली, पत्र्याची झडप कापली, आणि तारांची जाळी त्याच्या बायकोने विणली. झडप नीट पडते का हे पाहायला तिने आत बोट घातले. झडप नीट पडली. "मस्त जमलाय," असे ती नवऱ्याला म्हणाली आणि मग तिने बोट तोंडात घातले. आयुष्यातले पहिले कौतुक मला असे मिळाले.

पुढे हार्डवेअरच्या दुकानात कुलपे आणि हातोड्या यांच्यामध्ये मला टांगले. शेजारी उंदराचे औषध असे. नावातच औषध असल्यामुळे ते स्वतःला डॉक्टर समजे आणि आम्हा पिंजऱ्यांशी फारसे बोलत नसे. मीही मोठमोठ्या पराक्रमांची स्वप्ने पाहत लटकत राहिलो. शेवटी एका शिंपीणबाईंनी मला विकत घेतले आणि नेले ते थेट रानात.

गाव संपून झाडी सुरू होते तिथे भिक्खूंची एक अरण्यकुटी होती. तिथे दानाचा दिवस होता. लोकांनी चीवरे आणली होती, म्हणजे भिक्खूंची वस्त्रे, शिवाय साबण, मेणबत्त्या, छत्र्या. बाईंनी त्या सगळ्यांच्या मधोमध मला ठेवले. एकदम शांतता पसरली. कारण कुठल्याही जीवाला मारायचे नाही, अगदी मुंगीलाही नाही, हा तिथला पहिला नियम. बाईंचा चेहरा पडला. तेव्हा थोरल्या भंतेंनी, म्हणजे तिथल्या सर्वांत वडील भिक्खूंनी, मला उचलले, दार उघडझाप करून पाहिले आणि म्हणाले, "छान. पाहुण्यांची सोय झाली."

तेव्हापासून माझे नाव अतिथीगृह पडले. एका नेमस्त भिक्खूंनी ते माझ्यावर रंगाने लिहिलेसुद्धा. एकदा दूरगावाहून आलेल्या नवराबायकोने अतिथीगृह कुठे आहे असे विचारले, तर त्यांनी त्या दोघांना अदबीने माझ्यापर्यंत आणून सोडले. ती दोघे वाकून बराच वेळ आत बघत राहिली.

तिथला दिवस अगदी आखीव असे. पहाटे घंटा, मग ध्यान, मग वाटेवरची पाने झाडणे, मग भिक्षापात्र घेऊन गावात फेरी, आणि दुपारच्या आत एकच जेवण. भिक्खूंनी स्वयंपाक करायचा नाही, माती खणायची नाही, झाडाचे पान तोडायचे नाही, अन्न साठवायचे नाही. जे जे त्यांना मना होते ते ते स्वयंपाकाच्या मावशी करत, म्हणजे जवळजवळ सगळेच. माझ्या आकड्याला पावाचा तुकडाही त्याच लावत. सकाळी उंदीर सापडला की ज्याची पाळी असेल त्याने मला घेऊन ओढ्यावरचा लाकडी पूल ओलांडायचा, दार उघडायचे, "सुखी राहा" म्हणायचे आणि हात धुऊन परत यायचे. माझी झडप दाणकन पडे खरी, पण पुढचे सगळे इतके हळुवार असे की मलाच अवघडल्यासारखे होई.

अशी काही वर्षे गेली आणि मुकादम आले.

मुकादम साठीचे होते. एकतीस वर्षे ते नगरपालिकेच्या उंदीर मारण्याच्या पथकाचे मुकादम होते. रोज सकाळी पथकाने आणलेल्या शेपट्या मोजून घेणे हे त्यांचे काम, आणि स्वतःच्या हाताने सर्वांत जास्त शेपट्या आणणे ही त्यांची हौस. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी भाषणात त्यांच्या सगळ्या वर्षांचा मिळून आकडा सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुकादमांना मात्र तो आकडा एकरकमी ऐकल्यावर कसेतरी झाले. त्यांना जेवण गेले नाही. दुसऱ्या आठवड्यात ते अरण्यकुटीच्या दाराशी उभे होते. तो आकडा त्यांनी फक्त थोरल्या भंतेंच्या कानात सांगितला. भंते म्हणाले, "बरं. झाडू तिकडे आहे."

भिक्खू होऊ पाहणाऱ्याने तिथे वर्षभर पांढऱ्या कपड्यांत राहायचे, स्वतःचे चीवर स्वतःच्या हाताने शिवायचे, आणि त्या वर्षात एकही जीव मारायचा नाही. वर्ष संपले की सगळ्यांसमोर बसून आपल्या तोंडाने खरे काय ते सांगायचे. मुकादमांना दुसरे काही नको होते. ज्ञान मिळाले तर ठीक, नाही तर नाही. आयुष्यात एक वर्ष, एक अख्खे वर्ष, आपला आकडा शून्य यावा, एवढेच त्यांना हवे होते.

साहजिकच थोरल्या भंतेंनी माझी जबाबदारी त्यांच्यावर टाकली. या माणसाचा विनोद कधी सुरू होतो आणि कधी संपतो हे मला आजही कळलेले नाही.

मित्रांनो, इतके प्रेम मला कुणीच दिले नव्हते. मुकादमांनी माझ्या स्प्रिंगला तेल दिले, आकडा घासला, झडपेचा पोचा काढला. पहिल्याच सकाळी माझ्यात एक कातरलेल्या कानाचा उंदीर बसलेला होता. मुकादमांनी त्याला ओढ्यापलीकडे नेले आणि समन्स वाचून दाखवावे तशा आवाजात "सुखी राहा" म्हटले. तिसऱ्या दिवशी तोच उंदीर माझ्यात परत हजर.

"मुकादम, तुमचा माणूस आलाय," मावशींनी हाक मारली.

"तो वेगळा आहे."

"कान बघा की त्याचा."

मुकादमांनी कान बघितला आणि मला उचलले. पुढचे कित्येक महिने हेच चालले. उंदराचे नाव कातऱ्या पडले. मुकादम त्याला आणखी पुढे, पार खडकाजवळच्या एकट्या कुटीपर्यंत सोडून येऊ लागले. तिथे एक भंते एकांतात राहत आणि त्या वर्षाचे शेवटचे तीन महिने त्यांनी मौन धरले होते. मुकादम दिसले की ते हात वर करत, मुकादमही हात वर करत, आणि कातऱ्या दोन दिवसांत स्वयंपाकघरात असे. मावशी त्या उंदराला विचारत, आज उशीर का झाला म्हणून. एकतीस वर्षांत उंदरापुढे हात टेकायची वेळ मुकादमांवर कधी आली नव्हती. ते ध्यानाला बसत तेव्हा त्यांच्या कपाळाची शीर उडताना मला खिडकीतून दिसे.

वर्ष संपायला एक दिवस राहिला. चीवर शिवून झाले होते. मुकादमांची बोटे सुईने चाळणी झाली होती, पण टाके सरळ होते. झाडाची साल उकळून त्या रंगात ते बुडवले होते आणि पडवीत वाळत घातले होते. जेवणे झाली आणि सगळे आपापल्या कुटीत ध्यानाला गेले. मुकादम चीवर काढायला गेले, तर बरोबर मध्यभागी मूठ जाईल एवढे भोक. आणि खाली माझ्यात कातऱ्या बसलेला, मिशीला चीवराचे तपकिरी धागे.

मुकादमांनी मला उचलले आणि मागच्या अंगणात पाण्याच्या बादलीपाशी नेले.

खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. वाटले, आता कुठे आपण खरे पिंजरे होणार. तेवढ्यात पाणी फळीतून वर आले आणि आनंद जागच्या जागी विरघळला. कातऱ्या जाळीला धरून वर वर सरकू लागला. पाणी त्याच्या पोटाला लागले तेव्हा वर जागा उरली नव्हती. तिथे मुकादमांचे बोट तारेवरून आत आले होते. कातऱ्याने ते धरले. दोन्ही पंजांनी.

पथकात असताना पिंजरा बुडवायला मुकादम लांब आकडी वापरत. एवढ्या वर्षांत एकाही उंदराने त्यांचा हात धरला नव्हता.

त्यांनी मला झटक्यात वर काढले आणि ते तिथेच मातीत बसले. मग त्याच भोक पडलेल्या चीवराचे टोक तारांमधून आत घालून ते उंदराला पुसू लागले. मावशी भांडी घेऊन बाहेर आल्या. त्यांनी बादली पाहिली, मला पाहिले, मुकादमांची ओली बाही पाहिली.

"चुलीजवळ ठेवा," त्या म्हणाल्या. "गारठलाय तो."

दुसऱ्या दिवशी दुपारी सभागृहात सगळे जमले. चार भिक्खू, मावशी आणि मुकादम. भोकाला रातोरात ठिगळ लागले होते. मुकादमांनी मलाही बरोबर आणले होते, कारण कातऱ्या अजून आत होता आणि गारठलेल्या जिवाला रानात सोडायला त्यांचे मन धजले नव्हते. त्या कुटीची रीत अशी की भिक्खू होणाऱ्याबद्दल तिथे राहणाऱ्या प्रत्येकाला तीनदा विचारायचे. हरकत असेल त्याने बोलायचे. गप्प राहिला त्याची संमती.

मुकादमांनी हात जोडले. आपण या उंदराला मारायला नेले होते, फळी बुडाली, अर्धी जाळी बुडाली, पाणी त्याच्या पोटाला लागले, मग काढला, असे त्यांनी पोलिसात जबानी द्यावी तसे क्रमाने सांगितले.

"का काढलात?" थोरल्या भंतेंनी विचारले.

"त्याने बोट धरलं."

कुणीतरी खाकरले. ते खडकाजवळच्या कुटीतले मौनी भंते होते. त्यांचे मौन त्याच सकाळी सुटले होते आणि आवाज गंजल्यासारखा येत होता. हा कान आपण ओळखतो, असे ते म्हणाले. हा उंदीर सारखा आपल्या दाराशी दिसायचा. त्यांना वाटले, स्वयंपाकघरातला बिचारा वाट चुकून इतक्या लांब येतो. म्हणून दर वेळी त्याला डब्यात घालून, पूल ओलांडून, ते परत मावशींच्या मागच्या दाराशी सोडून येत.

"मुकादम रोज हात वर करायचे," ते म्हणाले, "मला वाटलं, आभार मानतायत."

थोरल्या भंतेंनी मान खाली घातली. त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते. मावशींनी पदर तोंडाला लावला. जाऊन-येऊन दमला असेल हो तो, असे काहीसे त्या पदरातून म्हणाल्या. मुकादम मात्र हसले नाहीत.

"ते ठीक आहे, भंते," ते म्हणाले. "पण बुडवत होतो ते मीच."

थोरले भंते गंभीर झाले आणि त्यांनी पहिल्यांदा विचारले. कुणी बोलले नाही. दुसऱ्यांदा विचारले. कुणी बोलले नाही. तिसऱ्यांदा विचारले आणि माझ्यातून आवाज आला, "चीं."

सगळे माझ्याकडे वळले. नियमांच्या बाबतीत फार काटेकोर असलेल्या त्या नेमस्त भिक्खूंनी शंका काढली की विचारायचे इथे राहणाऱ्यांना. हा अर्धा वेळ ओढ्यापलीकडे असतो, तर याला रहिवासी धरायचे का? मौनी भंते म्हणाले की तिकडे तो नुसता पाहुणा असतो. त्यावर मावशींनी निकाल दिला.

"जेवायला इथे असतो तो."

"मग त्याची हरकत धरावी लागेल," थोरले भंते म्हणाले. या वेळी ते विनोद करत नव्हते. "बुडणारा तोच होता."

मुकादम उठले, माझ्यासमोर गुडघे टेकून बसले आणि त्यांनी कपाळ जमिनीला लावले. मला आधी वाटले, माझ्याच पाया पडतायत.

"चुकलो," ते हळूच म्हणाले. "तुझ्या जातभाईंची माफी तुझ्याकडे मागता येणार नाही, ते कळतं मला. त्यांची कुणाकडे मागायची तेही माहीत नाही. तुझी तेवढी मागतो."

मग त्यांनी माझी झडप वर उचलून धरली.

कातऱ्या बाहेर आला. आधी त्याने सावकाश तोंड धुतले. मग चटईवरून चालत तो घडी घातलेल्या चीवरापाशी गेला, नवे ठिगळ हुंगले आणि त्यावर चढून बसला. थोरल्या भंतेंनी तिसरा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून, अक्षरन् अक्षर विचारला. सगळे उंदराकडे बघत होते. मावशी नंतर म्हणाल्या की आपण श्वास घ्यायचे विसरलो. कातऱ्याने एकदा कान खाजवला. कातरलेला. मग तो सगळ्यांकडे पाहत बसून राहिला.

"गप्प आहे," थोरले भंते म्हणाले, आणि त्यांनी चीवर मुकादमांच्या हातात द्यायला उंदराला अलगद बाजूला सरकवले.

आता मी म्हातारा झालो आहे. त्या बादलीतल्या पाण्याने माझी फळी फुगली ती फुगलीच. झडप अर्ध्यावर अडकते. हल्लीचे उंदीर आत येतात, पाव खातात आणि आल्या वाटेने निघून जातात. तरी मला कुणी भंगारात टाकलेले नाही. आठवड्यातून एकदा मुकादम भंते येतात, मांडीवर घेऊन गंज पुसतात आणि काही दुरुस्त न करता जागेवर ठेवून देतात.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला तेल द्या. उन्हात टाकू नका. आम्ही पत्र्याचे असतो, आतला नसतो. सकाळी उठल्यावर आधी आत कुणी आहे का ते बघा, चहा नंतर. आणि त्याला दूर कुठे नेऊन सोडणार असाल, तर तिथे कोण राहतं ते एकदा विचारून या.