मालक बदलापूरला असतात

आमच्या घरात पैशाची अक्कल चांगुणाकडे आणि राग माझ्याकडे, अशी लग्नापासूनची वाटणी आहे. म्हणून एक्क्याण्णव साली शेजारचा चेलाराम त्याच्या दोन खोल्या विकून मुलाकडे पुण्याला निघाला, तेव्हा मी म्हणालो, "बरं झालं, त्याचा रेडिओ गेला." चांगुणा म्हणाली, "त्या खोल्या आपण घेऊ."

आमची बराक, म्हणजे जुन्या लष्करी छावणीतली बैठी चाळ, उल्हासनगरातल्या कॉलेजच्या मागच्या बाजूला. दर जूनमध्ये मुरबाड, शहापूर, कर्जतकडची पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन गल्लीगल्लीतून खोली विचारत फिरायची. मीही त्यांना रोज बघत होतो. मला त्यांच्यात पोरं दिसायची, तिला भाडं दिसायचं.

तिनं सगळं आधीच ठरवून टाकलं होतं. निम्मे पैसे माझ्या अंबरनाथच्या कारखान्यातल्या पतपेढीचं कर्ज, थोडे तिच्या भिशीचे, आणि राहिलेले चार पोरांच्या डिपॉझिटमधून जुलैअखेर चेलारामला द्यायचे. महिन्याचं भाडं आलं की त्यातून पतपेढीचा हप्ता जाईल. करार अकरा महिन्यांचा, म्हणजे कुणी ठाण मांडून बसायला नको. "वडी, तेरी बीवी तो पक्की सेठानी है," चेलाराम त्याच्या सिंधी वळणाच्या हिंदीत मला म्हणाला. मला त्याचाही राग आला, पण तो बोलला ते खरं होतं.

पतपेढीला जामीनदार हवा होता. कारखान्यात माझ्याच खात्यातला कमळाकर एका शब्दावर उभा राहिला. हा बदलापूर गावातला, जुन्या शेतकरी घरातला. मी हप्ता चुकवला तर त्याच्या पगारातून कापणार, हे ठाऊक असून त्यानं सही केली आणि वर मलाच चहा पाजला.

खोल्यांना चुना मारला, नवी कडी लावली. पोरांचे बाप बघायला येऊ लागले. पहिले गृहस्थ शहापूरचे. खोली आवडली, नळ आवडला. चांगुणानं त्यांना आमच्याकडे बसवून पाणी दिलं. समोरच्या भिंतीवर भगवान बुद्धांची तसबीर. ते तसबिरीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "मुलाची आत्या कल्याणला असते. ती म्हणते, पोराला माझ्याकडेच ठेवा." पाण्याचा पेला तसाच राहिला. दुसऱ्या बापाला मुलाचे डोंबिवलीचे काका आठवले. तिसऱ्यानं सरळ आडनाव विचारलं आणि "उबाळे" ऐकून, विचार करून कळवतो म्हणाला. पोरांना एकाएकी इतके नातेवाईक फुटलेले बघून मी चौथ्या बापाशी भांडायच्या तयारीत दारातच उभा राहिलो. तो आलाच नाही.

जुलै अर्धा सरला. चेलाराम दोनदा विचारून गेला. पैसे वेळेत दिले नाहीत तर त्याला आगाऊ दिलेलं टोकन बुडणार होतं, आणि कर्ज तर उचलून झालं होतं. चांगुणा जेवायला बसायची आणि भात चिवडत राहायची.

तोडगा कमळाकरनं काढला. वाईट हेतू नव्हता त्याचा, हे मी शपथेवर सांगेन. "वैनी, माजा नाव सांगा. मालक मी. पोरांच्या बापाशी मी बोलतो, कागदावर सही मी करतो. भाडा तुमी घ्या. माजा काय जातं?"

मी ताडकन म्हणालो, "आपल्या पैशानं घेतलेली खोली आणि नाव दुसऱ्याचं? काही गरज नाही."

"मग हप्ता तुमच्या रागातून भरायचा का?" चांगुणा म्हणाली. तिनं स्टूल घेतलं, तसबीर भिंतीवरून उतरवली आणि आतल्या खोलीत, गाद्यांच्या वरच्या बाजूला लावली. तिथं बाहेरच्या माणसाची नजर पोचत नव्हती. दोन दिवस मी तिच्याशी बोललो नाही.

रविवारी कमळाकर इस्त्रीचा शर्ट घालून आला, आणि आठवड्यात चारही जागा भरल्या. चेलारामचे पैसे चुकते झाले. गल्लीतल्या सिंधी शेजाऱ्यांना या भानगडीत रस नव्हता. भाडं वेळेवर येतं ना, मग झालं तर, असं त्यांचं म्हणणं.

पोरं चांगुणाला मावशी म्हणू लागली. त्यांना वाटे, ही बाई खोल्यांची देखभाल करायला ठेवलेली. बल्ब गेला, नळ गळला की तिला हाक. कुणी तक्रार केली की ती म्हणायची, "मालक बदलापूरला असतात, त्यांच्या कानावर घालते." मग स्वतःच वायसर आणून मला नळाखाली बसवायची. हप्ता मात्र एकदाही चुकला नाही. ती रात्री शांत झोपायची, आणि मी तिला शांत झोपलेली बघून गप्प बसायचो.

चौघांत एक किसन देशमुख होता, मुरबाडकडचा, बापाशिवाय एकटाच आलेला. कमळाकर त्याच्यावर खूश होता, "मोठ्या घरचा पोरगा आहे, पण गर्व नाय." पोरगा अबोल. गावचा विषय निघाला की उठून जायचा. एवढा देशमुख आणि कपडे दोनच, याचं मला नवल वाटे. चांगुणाचा त्याच्यावर जीव होता. भाजी जास्त झाली की वाटी त्याच्याकडेच जायची.

मार्चमध्ये, परीक्षा तोंडावर आलेली असताना, एका दुपारी एक बाई गल्लीत शिरली. डोक्यावर गाठोडं, पाय धुळीनं भरलेले. चांगुणा ओट्यावर गहू निवडत होती, मी दुसऱ्या पाळीला निघायच्या तयारीत.

"बाय, किसन साळव्याची खोली कंची?"

"इथं साळवे कुणी नाही हो," चांगुणा म्हणाली. "किसन आहे, पण तो देशमुख."

"कालेजात हाय ना माजा लेक. ह्योच पत्ता दिला त्यानं. बराकीच्या म्होरं लिंबाचं झाड, हे बघा झाड."

"पुढच्या गल्लीत विचारा, तिकडेही लिंब आहे." चांगुणानं तिला वाटेला लावलीच होती, तेवढ्यात किसन वळणावर दिसला. "आये," एवढंच म्हणाला आणि थांबला. मग आमच्याकडे बघून त्याचा चेहरा उतरला. आईला ओट्यावर टेकवून तो चांगुणापुढे हात जोडून उभा राहिला.

"मावशी, मालकांना सांगू नका. पेपर झाले की मी आपणहून खोली सोडतो."

"पण आडनाव का रे बदललंस?"

"खऱ्या आडनावावर तीन ठिकाणी नाही म्हणाले. इथले मालक तर बदलापूरचे, मोठे लोक. म्हटलं, त्यांनी विचारायच्या आधीच..."

चांगुणाच्या हातातलं सूप तसंच राहिलं. "किसन, मालक मी आहे. या खोल्या मी घेतल्यात. आम्ही आपल्यातलेच आहोत, बाळा."

त्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्या कारखान्याच्या खाकी कपड्यांकडे. आणि अगदी समजुतीनं, वडीलधाऱ्या माणसासारखा म्हणाला, "माझ्यासाठी असं खोटं बोलू नका, मावशी. आपल्यातले कधी खोल्यांचे मालक असतात का?"

एरवी मला कशाचाही राग येतो. त्या वेळी आला नाही, डोळ्यांत पाणी आलं. आमच्याच पोराला आमच्याच घरात नाव चोरून राहावं लागलं होतं, आणि वर आमचं खरं त्याला पटत नव्हतं. चांगुणा माझ्याकडे बघत होती. बाकीचे तिघे गेले तर डिपॉझिट परत द्यावं लागेल, हप्ता अडेल, कमळाकरच्या पगाराला कात्री लागेल. हे सगळं तिला माझ्या आधी कळलं होतं.

तिनं सूप खाली ठेवलं, पदर खोचला आणि पोरांच्या दारावर थाप मारली. तिघेही बाहेर आले, एकाच्या तोंडात पेन.

"नीट ऐका," ती म्हणाली. "मी चांगुणा जयदेव उबाळे. या दोन्ही खोल्या माझ्या आहेत. कमळाकरदादा माझे जामीनदार, मालक नव्हेत. आम्ही बौद्ध आहोत. ज्याला राहायचं त्यानं राहावं, ज्याला जायचं त्याचं डिपॉझिट मी परत करीन."

एकानं चपलेकडे बघितलं. शेजारची सिंधीण दारात येऊन उभी राहिली.

किसन चांगुणाच्या मागे होता. तो पुढे आला, तिच्या शेजारी उभा राहिला.

"आणि मी साळवे," तो म्हणाला. "किसन साळवे."

ओट्यावरून त्याची आई म्हणाली, "आता! मंग मी मघाधरनं काय इचारत व्हते?"